मांजराला फळ चालतं का? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात कुत्र्यांच्या उन्हाळ्यातल्या खाण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर मांजरवाल्यांची बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, आमच्या मांजराचं काय, त्याला आंबा, केळं, कलिंगड दिलं तर चालतं का. आंब्याचा सिझन आहे, घराघरात पेट्या आल्यात, त्यामुळे ह्यावेळी पूर्ण कॉलम मांजर आणि फळं ह्यावरच करते. लांब पत्रं थोडी कापलीत. गावांची नावं ठेवलीत, माणसांची काढलीत.

प्रश्न (कोथरूड, पुणे): डॉक्टर, आमची मनी दोन वर्षांची आहे, आणि आमरस काढायला बसलं की ती जिथे असेल तिथून येऊन ताटाशी बसते. वाटी चाटते, कोय चाटते, सासूबाई कौतुकाने तिला वेगळी वाटीच भरून देतात. मी नको म्हणते तर सासूबाई म्हणतात फळच आहे, विष थोडंच आहे. कोण बरोबर?

उत्तर: तुमच्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पिकलेल्या आंब्याचा गर मांजरासाठी विषारी नाही, त्यामुळे आजवर मनीने जे चाटलंय त्याची धास्ती घेऊ नका. पण वाटी भरून देण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, का ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मनीला आंब्याची गोडी कळतच नाही. खरंच कळत नाही. जिभेवर गोड चव ओळखणारा जो रिसेप्टर असतो तो दोन भागांचा बनतो आणि त्यातल्या एका भागाचा जीन मांजरकुळात मोडलेला आहे, वाघ आणि चित्त्यातसुद्धा. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल म्हणून चव आणि वासावर काम करणारी संस्था आहे, तिथल्या लोकांनी 2005 मध्ये हे शोधून दाखवलं. म्हणजे आपण हापूसची फोड तोंडात टाकल्यावर जे होतं ते मनीच्या बाबतीत होत नाही. मग ती येते कशाला? वासाला येते, रसात दूध किंवा तूप घातलं असेल तर त्यातल्या स्निग्धपणाला येते, आणि सगळं घर एका जागी बसून काहीतरी चवीने खातंय म्हणून पण येते. मांजर घरातल्या माणसांकडे किती लक्ष ठेवून असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. खरबुजाचंही तसंच, बरीच मांजरं खरबुजावर तुटून पडतात, त्याच्या वासातले काही घटक मांसाच्या वासाशी जुळतात म्हणून असं होत असावं असं मानतात.

दुसरी गोष्ट आमरसात घातलेलं दूध. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम पिल्लू मोठं होताना कमी होत जातं, आणि मग जुलाब. माझ्याकडे मे महिन्यात पोट बिघडलेली जी मांजरं येतात त्यांच्या घरी विचारलं की आंब्यापेक्षा आमरसातलं दूध, मँगो मिल्कशेक, आम्रखंड हेच जास्त निघतं. वर साखर आणि वेलची असतेच.

तिसरी गोष्ट प्रमाण. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी पुरतात. सगळा खाऊ मिळून त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असं आम्ही सांगतो, म्हणजे वीस-पंचवीस कॅलरी. आता अर्धं केळं घ्या, त्यातच चाळीस-पंचेचाळीस होतात. माणसाच्या हिशोबात हे म्हणजे जेवणाशिवाय वरून चारशे कॅलरी खाल्ल्यासारखं झालं, आणि आपल्याला वाटतं एवढंसं तर दिलं. म्हणून मनीला देऊ दे सासूबाईंना, पण दूध-साखर घालायच्या आधीचा नुसता गर, नखाएवढा, बोटावर, आणि तेही रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा. साल आणि देठाचा चीक लागू देऊ नका, त्याने माणसाचे ओठ सुद्धा उततात. आंबे आधी पाण्यात घालून ठेवा आणि नीट धुवा, कार्बाइडने पिकवायला 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे पण पेटीत पावडरच्या पुड्या सापडल्याचं लोक अजून सांगतात. अशी पुडी दिसली तर मांजराला पेटीजवळ फिरकू देऊ नका.

आणि पेटीवरून आठवलं, फळापेक्षा फळाच्या पॅकिंगने मी जास्त मांजरं ऑपरेशन टेबलवर बघितलीत. ती फोमची जाळी असते ना, आंब्यावर सफरचंदावर चढवलेली, ती चावायला मांजरांना प्रचंड आवडते आणि तिचा तुकडा आतड्यात अडकतो. पेंढ्यात बसून झोपू दे मनीला हवं तर, पण जाळ्या, सुतळी, स्टिकर लगेच झाकणाच्या डब्यात.

प्रश्न (सांगली): आमचं घर शुद्ध शाकाहारी, माळकरी. घरात एक बोका आलाय, आता आठ महिन्यांचा झाला, त्याला दूध-पोळी, दहीभात, तूप-पोळी आणि फळं देतो, केळं तर फार आवडीने खातो. ओळखीचे एकजण म्हणतात मांजराला मांस लागतंच. पण माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात मांजरं होती आणि ती दूध-पोळीवरच जगली, चांगली दहा-बारा वर्षं. मग आत्ताच असं काय झालं?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं कारण हा प्रश्न मला माझ्या आजीने सुद्धा विचारला असता. आमच्या वाईच्या घरी पण मांजरं होती, कांदा-लसूण सुद्धा न येणाऱ्या घरात, आणि त्यांना ताकातली पोळी कुस्करून दिली जायची, ती धडधाकट होती. पण ती मांजरं दिवसभर कुठे असायची ते आठवून बघा. माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे, परसात. घरातलं दूध-पोळी म्हणजे त्यांचा वरचा खाऊ होता. जेवण ती बाहेर करून यायची, उंदीर, पाली, चिमण्या, टोळ. उंदरात मांजराला लागणारं सगळं असतं. आपण बघत नव्हतो एवढंच.

आता तुमचा बोका कुठे राहतो? पत्रात तुम्ही लिहिलंय तिसरा मजला आणि गॅलरीला जाळी. जाळी लावलीत ते फार चांगलं केलंत, पण त्या जाळीमुळे त्याचं ते बाहेरचं जेवण बंद झालं, आणि आता तुम्ही जे घालाल तेवढंच त्याच्या पोटात जाणार.

मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर आहे, कुत्र्यासारखं किंवा आपल्यासारखं मिश्राहारी नाही. टॉरिन नावाचा एक घटक आहे, तो आपलं शरीर बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, त्याला तो प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. फळात, पोळीत, भातात तो नसतो, दुधात नावापुरता. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होऊन आंधळेपण येतं, आणि हृदय मोठं आणि ढिलं होत जातं. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी दाखवलं की अशा हृदयविकाराने मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होतं, ती मांजरं तर पॅकेटचं खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार पटकन कमी झाला. डोळ्याचं नुकसान मात्र भरून येत नाही, म्हणून मी घाई करायला सांगतेय.

फळांबद्दल लोक म्हणतात की त्यात व्हिटॅमिन असतात. मांजराला व्हिटॅमिन सी बाहेरून लागत नाही, ते त्याच्या लिव्हरमध्येच तयार होतं. आणि आंबा, पपई, गाजर ह्यांच्यातल्या केशरी रंगाच्या घटकापासून आपलं शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, मांजराला ते जमत नाही, त्याला ए तयारच मिळावं लागतं. म्हणजे आपण ज्या कारणांसाठी फळ खातो ती कारणं त्याला लागूच होत नाहीत. म्हणून केळं म्हणजे त्याला नुसती साखर आणि थोडा चोथा.

आता घराचं काय करायचं. तुमच्या माळेचा मान मी राखते आणि तुम्हाला स्वयंपाकघरात मांस शिजवा असं अजिबात म्हणत नाही. पिल्लांसाठीचं पॅकेटचं कॅट फूड मिळतं, ज्यावर पूर्ण आणि संतुलित आहार असं लिहिलेलं असतं, ते गॅलरीत एका कोपऱ्यात वेगळ्या वाटीत ठेवा, चमचा वेगळा ठेवा, भांडी बाहेरच्या नळावर धुवा. माझ्याकडे येणारी बरीच जैन आणि लिंगायत घरं असंच करतात. एका आजोबांनी मला सांगितलं की डॉक्टर, मी त्याला जेवू घालतोय, मी खात नाहीये, आणि त्यांची मांजर चौदा वर्षांची आहे. बदल एकदम करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू दूध-पोळी कमी करत पॅकेट वाढवा. आणि पहिल्यांदा येऊन त्याचं हृदय आणि डोळे तपासून घ्या, आठ महिने म्हणजे वाढीचं वय आहे. दही एखादा चमचा चाटला तर चाटू दे.

अजून एक, तुमच्या सांगलीत बेदाणे घरोघरी असतात. ते त्याच्यापासून लांब ठेवा, का ते पुढच्या पत्रात वाचा.

प्रश्न (नाशिक): काल सत्यनारायणाच्या पूजेनंतर आमच्या मांजराने शिऱ्याचा प्रसाद खाल्ला, त्यात बेदाणे होते, चार-पाच तरी गेले असतील. नेटवर वाचलं की द्राक्षांनी किडनी फेल होते. आमच्या तर शेजारीच द्राक्षबाग आहे. आत्ता ते ठीक दिसतंय. काय करू?

उत्तर: हे पत्र आलं तेव्हाच मी ह्यांना फोन करून दवाखान्यात जायला सांगितलं, मांजर बरं आहे, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. इथे उत्तर बाकीच्यांसाठी.

द्राक्षं आणि बेदाणे, मनुका, काळ्या मनुका, ह्यांनी कुत्र्यांची किडनी बंद पडते हे पक्कं माहीत आहे. बरीच वर्षं कारण सापडत नव्हतं, मग 2021 मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, एका कुत्र्याने मुलांना खेळायला घरी बनवलेला कणकेचा गोळा खाल्ला होता, त्यात द्राक्षं नव्हती पण क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे ह्याच आम्लाचा क्षार, होता आणि त्रास अगदी द्राक्षांसारखाच झाला. आता हे आपल्यासाठी महत्त्वाचं का, तर टार्टारिक आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंचेने कुत्र्यांना असाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. मांजरांमध्ये अशा केसेस फार थोड्या नोंदल्या गेल्यात, मांजरं मुळात द्राक्षं खात नाहीत हेही एक कारण असेल, पण इतके खाल्ले तर चालतात असा आकडा कोणी देऊ शकत नाही आणि किडनी एकदा गेली की परत येत नाही, त्यामुळे मी एकच सांगते, द्राक्षं, बेदाणे, चिंच, चिंचेचं सार, आमटी, चटणी, काहीच नाही. मोदकाच्या सारणात, पुलावात, केकमध्ये बेदाणे असतात तेही लक्षात ठेवा.

खाल्लंच तर थांबून बघू नका. पहिल्या दिवसात उलट्या होतात, जनावर गप्प बसतं, खाणं सोडतं, आणि लघवी आधी वाढून मग कमी होते, तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या दोन तासांत पोचलात तर डॉक्टर सुरक्षितपणे उलटी करवू शकतात, नंतर सलाईन आणि दोन-तीन दिवस किडनीची तपासणी. घरी उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका, मांजराला मिठाचीच विषबाधा होते. हायड्रोजन पेरॉक्साइड पण नको, मांजराच्या जठराला त्याने जखमा होतात. आणि ताप वाटतोय म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कधीच, कधीच देऊ नका, एका गोळीने मांजर जातं. हे फळांच्या विषयात बसत नाही पण मी दरवर्षी असं एखादं मांजर हातात घेते, म्हणून जिथे जागा मिळेल तिथे लिहिणार.

प्रश्न (ठाणे, इयत्ता सहावी): डॉक्टर मावशी, आमचं पिल्लू चिंगी बाबांच्या कुंड्यांमध्ये शू करते. बाबा म्हणाले कुंडीत संत्र्याची सालं टाकू, मांजरांना वास आवडत नाही. पण मला भीती वाटते चिंगी ती खाईल आणि मरेल. आणि ती मरणार नसेल तर तिला संत्र्याची फोड देऊ का?

उत्तर: बाळा, तू विचारलंस ते फार छान केलंस. चिंगी सालं खाणार नाही, मांजरांना संत्र्या-लिंबाचा वास खरंच नकोसा असतो आणि ती नाक फिरवून निघून जाते. पण वास नकोसा असण्यामागे कारण आहे. सालीत जे तेल असतं, साल दाबली की मेणबत्तीवर ठिणग्या उडतात ना ते, ते मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही. आपल्या लिव्हरमध्ये अशा गोष्टी साफ करायचं जे काम चालतं त्यातला एक भाग मांजरांमध्ये नीट चालतच नाही. पिल्लू लहान असतं, कुंडी उकरताना ते तेल तिच्या पंजाला लागेल आणि ती पंजे चाटते. म्हणून बाबांना सांग सालं नको, त्याऐवजी कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे पसरा, मांजराला उकरायला माती मिळाली नाही की ती तिथे जात नाही. आणि चिंगीचा शी-शूचा ट्रे रोज साफ करायचं काम तू घे, ट्रे घाण असला की मांजरं कुंडी शोधतात.

फोड देऊ नको. एखादा थेंब तिने चाटला तर काही होणार नाही, तू घाबरू नकोस, पण मुद्दाम द्यायची नाही.

आणि हे बाबांसाठी: लिंबाच्या वासाचे फ्लोअर क्लीनर, डिफ्युझरमधली तेलं आणि पांढरं-काळं फिनाईल ह्यांचाही हाच प्रॉब्लेम आहे. फरशी पुसून पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा, फिनाईल तर मांजराच्या घरात नकोच.

प्रश्न (कुडाळ): डॉक्टर बाई, मी 71 वर्षांची आहे. माझ्या घराभोवती फणस, काजू, नारळ, सीताफळ, चिकू, जांभूळ सगळं आहे आणि पाच मांजरं आहेत. खाली पडलेलं फळ ती हुंगतात, कधी चाटतात. मी प्रत्येकाच्या मागे किती धावू?

उत्तर: आजी, नमस्कार. धावू नका. पाचही मांजरं बाहेर फिरणारी आहेत आणि खाली पडलेला गर चाटून त्यांना काही होणार नाही, ती शहाणी असतात, नको ते सोडून देतात. फक्त दोन-तीन ठिकाणी लक्ष द्या.

सीताफळाच्या बिया. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावायची पद्धत तुम्हाला माहीतच असेल, आणि ती डोळ्यात गेली तर डोळा जातो हेही. बी अख्खी गिळली तर बहुतेक तशीच बाहेर पडते पण फुटली, कुटली तर विषारी, म्हणून कोणी बिया वाटत असेल तर मांजरांना त्या जागेपासून दूर ठेवा. काजूचं बोंड चाटलं तर हरकत नाही, पण ओल्या काजूबीच्या टरफलातलं तेल माणसाचा हात भाजतं तिथे मांजराच्या तोंडाचं काय होईल, त्यामुळे बिया सोलायला बसाल तेव्हा मांजर मांडीवर नको. चिकूच्या बीला टोकाला आकडा असतो, ती घशात रुतू शकते. फणसाचा गरा पचतो, चीक मात्र केसांना चिकटतो आणि मांजर चाटून चाटून जीभ खराब करून घेतं, आपण विळीला लावतो तसं खोबरेल तेल लावून चीक सोडवा आणि मग साध्या पाण्याने पुसा. नारळाचं ओलं खोबरं थोडं चालतं पण तेलकट असल्याने पोट सुटतं. शहाळ्याचं पाणी देऊ नका, त्यात पोटॅशियम फार, ज्याची किडनी किंवा हृदय थकलंय अशा म्हाताऱ्या मांजराला ते जड जातं. पेरू, पपई, अननस, पिकलेलं केळं ह्यांचं कोणी तुकडाभर खाल्लं तर खाऊ द्या. तुमच्या मांजरांना माशाचं डोकं आणि उंदीर मिळतोय तोवर फळाची काळजी मी करणार नाही. त्यांचं लसीकरण आणि नसबंदीचं ऑपरेशन झालंय का हे मात्र पुढच्या पत्रात नक्की कळवा.

प्रश्न (न्यू जर्सी): आमचा बोका साडेआठ किलोचा आहे, व्हेटने डाएट सांगितलं. मी स्वतः वजन कमी करताना फळांवर भर दिला होता म्हणून त्यालाही ड्राय फूड अर्धं करून सफरचंद, ब्लूबेरी, अ‍ॅव्होकॅडो देतेय. तो फारसं खात नाही. योग्य करतेय ना?

उत्तर: ताई, मनापासून करताय हे दिसतंय पण हे आज थांबवा, आणि पहिलं कारण हे की तो फारसं खात नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी एकदम लिव्हरकडे धावते, लिव्हर ती पेलू शकत नाही आणि बंद पडतं, हा जीवघेणा आजार आहे आणि जास्त करून जाड मांजरांना होतो. माणूस उपास करून बारीक होतो, मांजर उपास करून आजारी पडतं. त्याने गेल्या दोन दिवसांत नीट खाल्लेलं नसेल किंवा डोळ्याचा पांढरा भाग, कान पिवळट दिसत असतील तर हे वाचून झाल्यावर लगेच व्हेटकडे जा.

दुसरं, फळ म्हणजे साखर, आणि त्याचं शरीर साखर हाताळायला बनलेलंच नाही, लाळेत पिष्ट पचवणारं एन्झाइम नाही, जेवणानंतर साखर पटकन उचलणारं जे काम आपलं लिव्हर करतं ते त्याचं फार कमी करतं. एवढ्या वजनाला डायबेटीसची भीती आधीच आहे. त्याचं वजन उतरतं ते प्रोटीन जास्त आणि पिष्ट कमी असलेल्या ओल्या खाण्याने, मोजून, हळूहळू, महिन्याला दोन-तीन टक्के कमी झालं तरी खूप झालं. रोजच्या कॅलरी तुमच्या व्हेटकडून आकड्यात लिहून घ्या आणि किचनच्या वजनकाट्यावर मोजून घाला, वाटीच्या अंदाजाने नको.

फळांतलं म्हणाल तर ब्लूबेरीचं अर्धं फळ निरुपद्रवी आहे, सफरचंदाची फोड पण, बिया आणि मधला दांडा काढून, कारण बियांमधून सायनाइड तयार होतं, पीच, जर्दाळू, चेरी ह्यांच्या आठोळ्यांचंही तसंच. अ‍ॅव्होकॅडो बंद, तेलकट आहे, त्याच्या पानासालीतला पर्सिन नावाचा घटक जनावरांना बाधतो आणि बी अडकते. पोट साफ होत नसेल तर वाफवलेला लाल भोपळा, मसाला-साखर नसलेला, एक छोटा चमचा खाण्यात कालवा, तो खरंच उपयोगाचा आहे.

प्रश्न (अकोला): आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. आमचा बोका पाणी फार कमी पितो म्हणून मी त्याला रोज दुपारी कलिंगडाचे तुकडे देतो, त्यात पाणीच असतं ना. कधी खातो कधी नाही. गेले दोन दिवस तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, बहुतेक बद्धकोष्ठ झालं असावं. कलिंगड वाढवू का?

उत्तर: ह्यांनाही फोन केला होता, आणि फोनवर मी पहिलं हेच विचारलं की ट्रे ओला होतोय का. नव्हता होत. ते बद्धकोष्ठ नव्हतं, लघवी तुंबली होती. नर मांजराची मूत्रनलिका अतिशय बारीक असते, त्यात खडे, चिकट बुळका अडकला की लघवी बंद होते, आणि पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. त्याच रात्री त्यांनी बोक्याला नेलं, नळी घालून लघवी मोकळी केली, चार दिवस ॲडमिट होता, आता घरी आहे.

कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं हे खरं आहे, बिया काढून दोन छोटे तुकडे विदर्भातल्या दुपारी द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण दोन तुकड्यांतून जाणार किती, चार-पाच चमचे पाणी. मांजर मूळचं वाळवंटाकडचं जनावर, तहान लागली तरी ते उठून पाणी प्यायला जाईल असं नाही, त्याचं पाणी शिकारीतून यायचं, उंदराच्या अंगात सत्तर टक्के पाणी असतं. आणि आपण त्याला कोरडे दाणे घालतो ज्यात दहा टक्के सुद्धा धड नसतं. म्हणून पाणी वाढवायचं तर जेवणातून वाढवा. ओलं पाउच द्या, त्यातही दोन चमचे कोमट पाणी कालवा. चिकन उकडत असाल तर मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता उकडा आणि ते पाणी फेकू नका, टॉरिन त्या पाण्यातच उतरतं, थंड करून तेच पाजा. पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी ठेवा, जेवणाच्या वाटीपासून लांब, पसरट, मातीची असली तर उन्हाळ्यात पाणी गार राहतं, आणि रोज दोनदा बदला. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, नळ बारीक सोडून बघा.

आणि ज्यांच्या घरी बोका आहे त्या सगळ्यांनी, उन्हाळा असो नसो, रोज ट्रेमधल्या वाळूत लघवीने झालेली ओली ढेकळं मोजायची सवय लावून घ्या. साधारण दोन ते चार असतात. तो वारंवार जाऊन बसतोय, ओरडतोय, मागे चाटतोय आणि ढेकूळ एकही नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या, आणि जाताना वाटेत फोन करून सांगा की नर मांजर आहे, लघवी बंद आहे, म्हणजे ते नळी तयार ठेवतील.